खालच्या आजींची काठी

ती. आईस,
लेकीचा नमस्कार. मी आता ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

इथे थंडी फार, खिडक्या कायम बंद. इमारतीत टाचणी पडली तरी ऐकू येते. सकाळी तू दिलेल्या खलबत्त्यात दाण्याचं कूट करायला घेतलं, की खालच्या मजल्यावरच्या आजी काठीने त्यांचं छत ठोकायच्या. मी ओशाळून खलबत्त्याखाली टॉवेलाची घडी ठेवली, तरी ठोकणं थांबेना. जिन्यात त्या दिसल्या की मी मान खाली घालून सटकायचे.

मागच्या आठवड्यात तापाने पडले. तुला कळवलं नाही, नाहीतर तू देव पाण्यात ठेवले असतेस. चौथ्या दिवशी दार वाजलं. बघते तर आजी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात सूपचा डबा.

"चार दिवस तुझं कुटणं नाही, म्हणून आले. मी रोज ओ देते, ऐकू येत नाही का तुला?"

मला मेलीला वाटायचं, त्या रागावतात.

कालपासून कामावर जातेय. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून गुळगुळीत करते. बाबा त्यांची लावतात ना, की अजून डबीतच आहे? तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग, माझ्यासारखं लपवू नकोस.

निघताना तू विचारलं होतंस, तिथे तुझी चौकशी कोण करणार. हे घे उत्तर. आज टॉवेल काढून दणदणीत कुटलं, आणि खालून काठी तीनदा वाजली.

तुझी,
थोरली