अंगठ्याची गोळी

पेण, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी आज मला एक गोळी वाढवून दिली. पाकीट पाहताच ओळखले. पायाचा अंगठा सुजला की रोह्याचे थोरले बंधू हीच घेतात. युरिक अ‍ॅसिडची! औषधाच्या दुकानात परत गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, चिठ्ठीवर हीच हाय. मी चुकलो नाय."

मग डॉक्टरांना फोन. त्यांचे म्हणणे, रक्तवाहिनीत केवळ चरबी साठत नाही, तिच्या भिंतीला आतून सूजही येते. अलीकडच्या संशोधनात ही जुनीच गोळी त्या सुजेवर उपयोगी दिसली आहे. असेल. पण अंगठ्याचे औषध हृदयाला? मूत्रपिंड कमजोर असेल तर ही गोळी जपून घ्यावी लागते, हे बंधूंकडून ठाऊक होते; माझा मूत्रपिंडाचा अहवाल पाहिलात ना, असे विचारले. "पाहिला," म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

बंधूंना कळवले, तर ते हसतच सुटले. "म्हणजे माझा अंगठा आणि तुझं काळीज आता एकाच गोळीवर!"

जेवणानंतर सौ. गोळी आणि पाणी घेऊन समोर उभी राहिली. उद्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारून मगच घेतो, असे म्हटले.

"अहो, डॉक्टरांवर एवढा संशय! कोलाडला छातीत कळ आली, तेव्हा पित्त आहे म्हणून सोडा पीत बसलात. तेव्हा कुठं गेला होता हा संशय?"

अंगठ्याची गोळी गिळली.

आता हे लिहिताना छातीत किंचित जळजळ जाणवते आहे. पित्तच असावे, असे लिहिणार होतो. पेन खाली ठेवतो आणि सौ.ला हाक मारतो.