अकरा खोल्या, एक सही

सोमवार, ३ मार्च

आज कल्याणचे लोक. नवरा, बायको, बायकोची आई आणि कोण तो एक भाऊ. घर बघायला आले आणि जेवून गेले!

तांदळाच्या भाकऱ्या अठरा. सुकट, वालाचं बिरडं, वर आंब्याचं लोणचं. बायकोची आई बोटं चाटत म्हणाली, "असं जेवण वर्षात नाही जेवले हो." घराबद्दल चकार शब्द नाही. निघताना भाऊ म्हणाला, "कळवतो."

पाच महिन्यांत हे सातवं "कळवतो".

दिपेश वैतागलाय. दिपेश म्हणजे आमचा दलाल – शहापूरला स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान, मधल्या वेळात घरं विकतो. म्हणाला, "काकी, तुमी जेवाय घालू नका वो! इतकं खाल्ल्यावर माणूस तोंडावर नाय कसा म्हनंल? नाय म्हनला तर निदान कळंल तरी, नडतंय काय ते."

पण दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं? ह्यांना ते जमायचं नाही. मलाही नाही. पण नाव ह्यांचं पुढे करते.

गुरुवार, ६ मार्च

एकतीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली. पोरांची वजनं, खाऊ, डोस – सगळं सरकारसाठी. ही वही तपासायला कुणी येणार नाही, म्हणून इथे खरं लिहिते. मला हे घर नको!

अकरा खोल्या. बेचाळीस वर्षं झाडतेय. एकेकाळी चौदा माणसं होती, आता दोन. पुढच्या ओट्यापासून सुरुवात करते, मागच्या पडवीपर्यंत पोचते तोवर पुढे परत धूळ. गुडघे तर कधीचे बोलायला लागलेत.

मुरबाडला स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय. दारात पेरूचं झाड. बघायला गेले तेव्हा मालकिणीकडून झाडू मागून घेतला आणि झाडून पाहिलं – खरंच! ती बघतच राहिली. नऊ मिनिटं!! मेअखेरपर्यंत थांबते म्हणालीय, मग दुसऱ्याला देणार.

लोकांना वाटतं, सासरचं घर विकताना मी रडत असेन. कसलं रडते! नऊ मिनिटं आठवली की मला गाणं सुचतं.

मंगळवार, ११ मार्च

दिपेशचं ऐकलं. आज ठाण्याच्या जोडप्याला नुसता कोरा चहा. हे सारखे माझ्याकडे बघत होते, मी कुणाचं तरी मयत लपवून ठेवल्यासारखे.

चहाचा गुण मात्र आला. ती बाई माजघरात उभी राहिली, चहूकडे बघितलं आणि सरळ म्हणाली, "एवढं झाडणार कोण?"

मला तिचा हात धरावासा वाटला. "तेच तर!" मी म्हटलं.

दिपेशने कपाळावर हात मारून घेतला.

रविवार, १६ मार्च

संघरत्ना आली! माझ्या अंगणवाडीतली. तीन वर्षांची असताना माझा पदर सोडायची नाही, आता शहापुरात कॉलेजच्या मुलींसाठी वसतिगृह चालवते. लांबच्या पाड्यांवरच्या अठरा मुली भाड्याच्या चार खोल्यांत दाटीवाटीने राहतात. ती प्रत्येक खोलीत शिरत होती, दार उघडत होती आणि मोठ्याने मोजत होती. "नऊ... दहा... बाई, अजून एक हाय?"

"हाय की. कोंबड्यांची होती, पण मोठी आहे."

"चालंल! धुऊन घेऊ." अकरा खोल्या बघून आनंदाने उड्या मारणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. रोज सकाळी अठरा झाडू निघतील ह्या घरात. घराला तरी बरं वाटेल.

जेवू घातलं. नाही राहवलं. पण ती भाकरी मोडायच्या आधीच म्हणाली, "बाई, मी घेते." कळवतो नाही की बघतो नाही. तिची माणसं, कर्ज, संस्थेचे कागद, सगळं तयार. ह्यांनी तिला दुसऱ्यांदा कालवण वाढलं आणि डोळे पुसले. कांदा नव्हता.

बुधवार, १९ मार्च

माशी शिंकली कुठेतरी.

दिपेश घराचा उतारा घेऊन आला. इतकी वर्षं घरपट्टी हे भरतात, म्हणून आम्ही धरून चाललो होतो की घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर. तर नावं दोन! सासरे गेले तेव्हाच वारस म्हणून दोघांची लागली – धर्मा आणि जनाबाई.

जनाबाई म्हणजे माझी नणंद. ह्यांची थोरली बहीण. वैशाखऱ्याला असते, माळशेजच्या वाटेवर. तिच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. आणि ती ह्या घराची पायरी चौदा वर्षं चढलेली नाही.

कारण आमच्या मुलाची, रितेशची हळद. आमच्यात नवऱ्याला हळदीचा पहिला हात आत्याचा. तिच्याआधी कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. त्या दिवशी मुरबाडची गाडी उशिरा आली, मुहूर्त टळत होता, माझ्या बहिणीने हळद लावली. जनाबाई दारातून परत गेली. काय करणार? मुहूर्त काय कुणासाठी थांबतो?

तिचा वाटा तिला द्यायचाच, त्यात वाद नाही. पण बोलायचं कुणी?

शुक्रवार, २१ मार्च

ह्यांनी फोन लावला. मी कान लावून बाजूला.

"सही?" जनाबाई म्हणाली. आवाज तसाच, खणखणीत. "देईन की. हळदीला बोलवा, येते." फोन बंद.

हे म्हणाले, "कोणाची हळद? आपल्या घरात लग्न कोणाचं हाय? अक्का भ्रमली का गो?"

भ्रमली कसली! मला एका क्षणात कळलं.

रविवार, २३ मार्च

अकरा खोल्या झाडल्या. कोपऱ्यांसकट.

सोमवार, २४ मार्च

सहा तारखेला लिहिलं की इथे खरं लिहिते. एकोणीस तारखेला खोटं लिहिलं. रिकाम्या वहीशी खोटं बोलणारी बाई मी!

आता खरं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून जनाबाई माहेरी आली की आधी घरभर फिरायची. पाणी नंतर. खोलीखोलीत वाकून बघायची आणि म्हणायची, "कोपरे राह्यले गो, वयनी." अकरा खोल्यांचे चव्वेचाळीस कोपरे, पोटात रितेश असतानाही. अठ्ठावीस वर्षं हे ऐकलं.

सात मे दोन हजार अकरा. मुहूर्ताला अजून पाऊण तास होता. मी माजघराच्या खिडकीत उभी होते. फाटकाशी जनाबाई दिसली – घामाघूम, पिशवी छातीशी धरलेली, भरभर चालत येत होती. उशीर झाला असेल म्हणून धावत असेल बिचारी. मी वळले आणि बहिणीला म्हटलं, "लाव गो हळद, वेळ होतो."

ती उंबऱ्याशी पोचली तेव्हा रितेशचे गाल पिवळे झालेले. तशीच मागे फिरली. हे तेव्हा कल्याणला सामान आणायला गेलेले. संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, गाडी उशिरा आली. मग मीच इतक्यांदा सांगितलं की मलाही तसंच आठवायला लागलं.

माझं चुकलं. लिहून टाकलं. हलकं काही वाटत नाही.

शनिवार, २९ मार्च

रितेशला बदलापूरला फोन. "तुझी हळद करायची आहे."

"आई, मला दोन पोरं आहेत!"

"म्हणून काय झालं? अंघोळ करून ये."

मागून भाविका, माझी सून, हसून हसून लोळत होती. म्हणाली, "आई, खुश्शाल करा. पण परत लग्न लावायचं असेल तर नवरी मीच."

शनिवार, ५ एप्रिल

वैशाखऱ्याला जाऊन आले. एकटी. हळदीचं आमंत्रण फोनवर देतात का? नारळ, तांदूळ, कुंकू घेऊन निघाले. मुरबाडपर्यंत एसटी, पुढे जीप.

जनाबाई अंगणात चिंचा फोडत बसली होती. किती लहान झालीय! पाठीला बाक आलाय. मला बघून हातातला दगड तसाच राहिला.

"हळद कोणाची?"

"तुझ्या भाच्याची. पयला हात तुझा."

तिने मान खाली घातली, दोन चिंचा फोडल्या. मग म्हणाली, "मांडव घालणार?"

"घालणार."

"धवले?"

"अंबूबाईला सांगितलंय." अंबूबाई म्हणजे आमच्या सापगावची लग्नगाणी म्हणणारी म्हातारी, दात दोन पण आवाज शाबूत.

"मंग बरं," जनाबाई म्हणाली. "पानी पी. आत हाय माठ."

आत गेले. तिच्या घरात खोल्या तीनच. कोपरे राहिले होते, सगळ्या खोल्यांचे. जाळीसुद्धा. तिला वाकवत नाही आता. मी पाणी प्याले आणि बाहेर आले. कोपऱ्यांचं नाव काढलं नाही.

रविवार, २० एप्रिल

काय दिवस! काय दिवस!!

अंगणात आंब्याच्या टहाळ्यांचा मांडव. सगळं गाव गोळा, कुणाला बोलवावं लागलंच नाही. एकोणचाळीस वर्षांचा नवरदेव पाटावर – पोट पुढे, डोक्यावर मध्ये मैदान. त्याची मुलगी मोबाईल धरून, "बाबा, लाजा ना!" अंबूबाईने सूर लावला आणि गर्दीत एकदम शांतता.

जनाबाई रिक्षातून उतरली. हिरवं लुगडं, नाकात नथ. फाटकाशी थांबली. ह्या वेळी मी खिडकीत नव्हते. मी फाटकात होते. तिच्या पायांवर पाणी घातलं, हात धरून आणलं. पाटापर्यंत सगळ्यांनी वाट करून दिली.

तिने हळदीत बोटं बुडवली. रितेशच्या पायाला लावली, गुडघ्याला, खांद्याला, गालाला, आणि उरलेली सगळी त्या मैदानावर थापली! असे हसलो, असे हसलो! मग ती दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून रडायला लागली, तोही रडायला लागला, आणि मधेच शिंकला, परत सगळे हसले. खोल्यांची मापं घ्यायला आलेली संघरत्नाही सुटली नाही. टेप हातात, नाक पिवळं.

जेवणं उरकल्यावर जनाबाईने मला कोंबड्यांच्या खोलीशी गाठलं. हळू म्हणाली, "तवा खिडकीतून बगितलंस नं मला?"

"होय."

"म्हैत होतं गो." आणि हसली! "मीबी लय छळलं तुला. कोपरे नि कोपरे." मी तिचे पाय धरायला वाकले, तर मलाच धरून उठवलं. म्हणाली, "ऊठ, गुडगे दुखतील."

चौदा वर्षं. आणि वीस मिनिटांत हळद वाळली.

सोमवार, २८ एप्रिल

शहापूरला सही झाली. जनाबाईने चष्मा पुसला, मोठाल्या अक्षरांत नाव काढलं. हे म्हणाले, "अक्का, तुझा वाटा सरळ तुझ्या खात्यात येईल." ती म्हणाली, "आता घेईन. तवाची गोष्ट निराळी होती." म्हातारं माणूस, काहीतरी बोलतं.

निघताना फडक्यात बांधलेला एक खण माझ्या हातात दिला. "हळदीला तुला घेतलेला. तवाचाच हाय. नव्या घरात उघड."

दिपेशने पेढे वाटले. स्वतः चार खाल्ले.

रविवार, १८ मे

मुरबाड! दोन खोल्या. पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून हे बसलेत, राजासारखे. झाडायला नऊ नाही, आठ मिनिटं लागली. सामान कमी आणलंय.

सापगावहून संघरत्नाचा फोन. मागे अठरा मुलींचा गलका. त्या घराला एवढा आवाज किती वर्षांनी मिळाला! मला खूप खूप आनंद झालाय. लिहून ठेवते, उद्या कमी वाटायला नको.

सोमवार, १९ मे

खण उघडला. हिरवा, घड्यांवर रंग उडालेला. आत घडी केलेला स्टॅम्प पेपर. तारीख ५ मे २०११, हळदीच्या दोन दिवस आधीची. "सापगावच्या घरातला माझा निम्मा हिस्सा भाचा रितेश यास हळदीचा आहेर म्हणून राजीखुशीने देत आहे." खाली तीच मोठाल्या अक्षरांतली सही.

हे पिशवीत घेऊन ती त्या दिवशी फाटकापर्यंत आली होती.

आज झाडलं नाही. उद्या पहिल्या गाडीने वैशाखरे. झाडू इथूनच नेते. कोपरे मी काढीन.