मावशींचा फॉर्म भरला आहे

१७ फेब्रुवारी २००८, रविवार, सकाळी ९.१०
संकल्प: यंदा वादळाच्या आधी जागं व्हायचं. फ्लोरिडा स्टेटची योजना आहे. इन्स्पेक्टर फुकट येऊन बघतो की आपलं घर वाऱ्यात टिकेल का. मग मजबुतीच्या खर्चाला ग्रँट. आमचं घर आणि समोरचं रत्नामावशी आगाशेंचं घर एकाच बिल्डरचं, १९७४ सालचं, एकाच प्रकारे डुगडुगणारं. मावशी त्र्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. २००४च्या वादळात त्या बाथटबमध्ये बसून अंगावर गादी ओढून घेऊन चार तास रामरक्षा म्हणत होत्या. त्यांच्याकडे इंटरनेट नाही. लायब्ररीतून कागदी फॉर्म आणून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हटलं मावशी, हे माझ्यावर सोडा. या आठवड्यात दोन्ही फॉर्म रवाना.

२४ फेब्रुवारी
आमचा फॉर्म ऑनलाइन गेला. अकरा मिनिटं लागली. आधी स्वतःचा केला तो स्वार्थ म्हणून नव्हे, सराव म्हणून. मावशींच्या फॉर्ममध्ये चूक व्हायला नको.

१ मार्च, शनिवार, सायंकाळी ६.३०
मावशींचा फॉर्म भरला. काळ्या पेनने, एकही खाडाखोड नाही. तेवढ्यात त्यांचाच फोन. भरलास का रे फॉर्म? म्हटलं भरला. खूप आशीर्वाद मिळाले.
६.४५
तिसऱ्या पानावर घरमालकाची सही लागते. उद्या घेऊ.

२ मार्च
गेलो नाही. आज सही मागितली तर कालचं ‘भरला’ खोटं ठरेल. ते खोटं नाही. मी भरला होता. पाठवला का, असं त्यांनी विचारलंच नव्हतं. मुळात दोष मराठीचा आहे. फॉर्म भरला म्हटलं की भरणं, सही, पाकीट, तिकीट, पोस्ट, सगळं आत येतं. इंग्रजीत कसं, फिल वेगळं आणि सबमिट वेगळं.
आश्लेषा म्हणाली, रस्ता ओलांड, सही घे, परत ये, वीस पावलं आहेत. बायकोला स्ट्रॅटेजी कळत नाही.

१५ मार्च
आमच्याकडे इन्स्पेक्टर आला. माळ्यावर चढला. मी खालून सांगितलं, छप्पर एकदम सॉलिड आहे. त्याने मला वर बोलावून टॉर्च मारला. छप्पर आणि भिंत यांना जोडणारे तीन खिळे, तेही तिरके. एवढंच, म्हणाला. इतक्या वर्षांत आम्ही ज्याखाली झोपलो ते हे. लोखंडी पट्ट्या बसवा म्हणाला.
जाताना त्याने समोरच्या घराकडे बघून विचारलं, तेही याच वयाचं का? मी हो म्हटलं आणि गॅरेजचं दार बंद केलं. दिवसभर ते तीन खिळे डोळ्यांसमोर.

२३ मार्च
ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. या गडबडीत कोणाच्या घरी जाऊन वेळ घेणं बरं दिसत नाही.

१३ एप्रिल, रविवार, दुपारी ३.००
मंडळाचा पाडवा. योजना पक्की होती. जेवणाच्या रांगेत फॉर्मची घडी अशी घातली की फक्त सहीची ओळ दिसेल. मावशींपुढे धरून म्हटलं, इथे जरा पटकन. त्यांनी चष्मा लावला. हे काय रे? मी गडबडलो. म्हटलं जेवणाची यादी. त्यांनी शांतपणे लिहिलं आणि पेन परत दिलं.
फ्लोरिडा स्टेटच्या अर्जावर, मालकाच्या सहीच्या जागी आता असं आहे: एक पान, तिखट कमी.

२० एप्रिल
नवा फॉर्म प्रिंट केला. पुन्हा भरला. म्हणजे आता तो दोनदा भरलेला आहे.
सही आपणच करावी का, असा विचार आला. विजेच्या बिलामागे नऊ वेळा करून पाहिली. आगाशेमधला जी चांगला जमला. मग एकदम लाज वाटली. मावशी मला एअरपोर्टवर घ्यायला आल्या होत्या, मी या देशात नवीन असताना, त्यांच्या यजमानांच्या, पुरुषोत्तमकाकांच्या, जुन्या गाडीतून. बिल फाडलं. ते भरायचं होतं हे नंतर लक्षात आलं.

४ मे
आज जाणारच होतो. त्या बागेत काम करत होत्या. हात मातीचे होते. सही कशी करणार?

२७ मे, मंगळवार
बातमी: पैसे संपत आले, नवे अर्ज घेणं बंद.
खरं लिहायचं तर पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. आता दोष सरकारचा. लगेच रस्ता ओलांडला. वीसच पावलं आहेत, आश्लेषाचं बरोबर. म्हटलं मावशी, योजनाच बंद झाली. त्या हसल्या. म्हणाल्या, नव्यांसाठी ना? आपला तर मार्चमध्येच भरलायस की तू. आणि एक लाडू हातावर ठेवला.
लाडू खाल्ला.

१ जून, रविवार
वादळांचा सीझन आजपासून.
रेडमंडहून राजीवची, म्हणजे मावशींच्या मुलाची, ईमेल. तो आईच्या खिडक्यांना शटर्स आणि छपराला पट्ट्या स्वतःच्या खर्चाने बसवून देणार होता. माणूसही ठरवला होता. आईने नको म्हटलं. कशाला रे खर्च, देवदत्तने फॉर्म भरलाय, स्टेट करणार आहे. राजीव लिहितो, थँक्स यार, तू आहेस म्हणून मी निर्धास्त.
चार वेळा उत्तर लिहिलं. पहिल्या तिन्हींत सगळं कबूल केलं होतं. चौथं पाठवलं: एनी टाइम.
बघ, पाठवता येतं मला. सबमिटही करता येतं.

२ जून
संकल्प: या वीकेंडला मावशींना सांगायचं.

८ जून
मुलीची, इशिताची, स्विमिंग मीट होती.

१५ जून
फादर्स डे. अशा दिवशी कोणाचं मन दुखवू नये.

२२ जून
मावशी हल्ली फॉर्मचं विचारत नाहीत. विसरल्या असाव्यात. वयोमानाप्रमाणे होतं. थोडं बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं फार वाईट वाटलं.

१२ जुलै, शनिवार
आमच्या छपराला पट्ट्या बसल्या. दिवसभर ठोकाठोक, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मी कामगारांना म्हणणार होतो की जरा हळू ठोका. मावशींनी त्यांच्यासाठी ताक पाठवलं. मग स्वतःच आल्या, छत्री घेऊन. बराच वेळ वर बघत होत्या. म्हणाल्या, छान झालं हो तुमचं. आश्लेषाची काळजी मिटली.
त्यांनी काही विचारायच्या आधीच मी सांगितलं की नंबर अल्फाबेटिकली लागतात. मावशींनी थोडा विचार केला. म्हणाल्या, आगाशे आधी की वैशंपायन?
मी म्हटलं, फर्स्ट नेमने. डी आधी, आर नंतर.
असेल, म्हणाल्या, आणि गेल्या. आश्लेषा माझ्याकडे बघत होती.

१७ ऑगस्ट, रविवार, सकाळी ८.००
टीव्हीवर वादळ. नकाशावरचा तो पांढरा पट्टा सरळ टॅम्पावर. आमच्यावर, आणि मावशींच्या तीन खिळ्यांवर.
निर्णय: स्वतःच्या हाताने त्यांच्या सगळ्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकायचं. संध्याकाळपर्यंत घर किल्ला.
दुपारी १२.४०
प्लायवूड आणलं. मापं आपल्या खिडक्यांची घेतली होती. एकच बिल्डर असूनही खिडक्या वेगळ्या निघाल्या. सगळे तुकडे चार इंच आखूड. तरी शिडी लावली.
सायंकाळी ५.१५
सांगून टाकलं.
मी शिडीवर, मावशी खाली शिडी धरून. त्र्याहत्तर वर्षांची बाई माझी शिडी धरून उभी आहे हे बघून राहवलं नाही. वरूनच म्हटलं, मावशी, फॉर्म भरला होता, पण पाठवला नव्हता. सही राहिली होती. त्यांनी शिडी सोडली नाही. मी उतरलो.
मग म्हणाल्या, मला जूनमध्येच कळलं. लायब्ररीतल्या बाईने ऑफिसला फोन लावून दिला होता. तिथे आपलं नावच नव्हतं. म्हटलं अडचण असेल काही, आज सांगेल, उद्या सांगेल. रोज संध्याकाळी तुझ्यापुरतं चहाचं आधण जास्त ठेवत होते.
मी विचारलं, मग राजीवला का नाही सांगितलंत? म्हणाल्या, त्याला तुझा राग आला असता.
यापेक्षा त्यांनी माझ्या कानफटात मारायला हवी होती. मी म्हटलं आमच्याकडे चला, आमचं छप्पर आता पक्कं आहे. हे बोलताना जीभ झडली असती तर बरं. नको म्हणाल्या. बाथटब आहे, गादी आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार
आश्लेषा रस्ता ओलांडून गेली आणि पाच मिनिटांत मावशींना घेऊन आली. काय बोलली कोण जाणे. मावशी दिवसभर इशिताशी पत्ते खेळल्या. मी बहुतेक वेळ गॅरेजमध्ये बॅटऱ्या मोजत होतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार
वादळ दक्षिणेकडेच वळलं. टॅम्पात शाळा बंद, आकाश ढगाळ, वारा इतपत की ओले कपडे वाळावेत. दोन दिवस थांबलो असतो तर सांगावंच लागलं नसतं.
हे वाक्य खोडायला हवं. पण ही रोजनिशी आहे, फॉर्म नाही.
राजीवला ईमेल केली. सगळं लिहिलं. उत्तर: ओके. शटर्सचा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. ‘यार’ नव्हतं.

२० ऑगस्ट, बुधवार, सायंकाळी ६.००
मावशी सकाळीच घरी गेल्या. मी ऑफिसातून आल्यावर आखूड प्लायवूड काढायला गेलो. वाटलं, झालं गेलं. मोठ्या मनाची बाई आहे. बोलून टाकलं ते बरंच झालं, आता आमच्यात आडपडदा नाही. संबंध उलट घट्टच झाले म्हणायचे.
दार उघडलं. म्हणाल्या, या. बसा ना.
मी मागे वळून पाहिलं, कोणी दुसरं आलं आहे का. कोणी नव्हतं. इतकी वर्षं ‘ये रे’ आणि ‘बस रे’ होतं. मी बसलो. घरातली सगळ्यात चांगली खुर्ची दिली. ऑफिस कसं आहे तुमचं, विचारलं. ठीक आहे म्हटलं. त्यांनी चहा टाकला आणि आतून विचारलं की साखर किती घेता.