वैजूचं कार्ड

प्रिय मंजूषाताई,

तुमच्या बहिणीनं, वैजूनं, आजार कळवायला मनाई केलीय, म्हणून हे पत्र टाकणार नाही. तिनं पुढची केमो घ्यायलाच नकार दिला होता.

हौशी लोकांनी घरी बनवलेली बेसबॉल कार्डं, खेळाडूचा फोटो अन् खाली त्याचं नाव-काम छापलेली, मी जमवतो, तुम्ही हसता ना, तीच. यंदा अमेरिकेतल्या एका हौशी माणसाकडून वैजूचं करवून घेतलं, नागपूरच्या कॉलेजातल्या सॉफ्टबॉलच्या फोटोवरून.

काल तिनं ते उशीवर टेकूनच पाहिलं, फोटोखालचं वाचलं.

“पिचर? अहो, मी चेंडू फेकत नव्हते, झेलत होते! कॅचर! इतका संसार केलात, एवढं ठाऊक नाही?”

“दुसरं मागवतो. पण महिना लागेल.”

“लागू दे. उद्या हॉस्पिटलला ऑटो सांगा.”

ताई, इतकी कामाची चूक मी कधी केली नव्हती.

तुमचा,
नीळकंठ
बरखेडा, भोपाळ