साथीविना

रविवार, २ नोव्हेंबर २०२५
अमडापूरला पोचलो. उद्यापासून नवी शाळा. खोली मनासारखी मिळाली, मागे तुरीचं शेत आहे. मालकीण अन्नपूर्णाबाईंनी भाकरी आणि ठेचा दिला. तव्यावर मिरच्या पडल्या तसा मला असा ठसका लागला की त्याही हसल्या आणि मीही. किती दिवसांनी हसलो.
माझ्या बायकोचं, पुष्पांजलीचं व्हायोलिन कपाटावर ठेवलं, शेजारी तिची वही. 'साथीविना' ही तिची पाच भागांची रचना, एकट्या व्हायोलिनसाठी. तबला नाही, तंबोरा नाही. चार भाग लिहून झाले आणि एकवीस सालच्या साथीत ती गेली. आधी वास गेला, मग श्वास. मला वॉर्डात सोडलं नाही. पाचव्या भागाचं पान कोरं आहे.

सोमवार, ३
शाळेतून आलो तर अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "सर, बाईले आणलं अन् आमाले सांगतलंबी नाही? लय सावकाश वाजवतात. मले त झोपच लागली." पहिला भाग सावकाशच आहे. रेडिओ असेल म्हणालो. बायको नाही, हे काही सांगवलं नाही.

मंगळवार, ४
आज म्हणे उड्या मारत वाजत होतं. दुसरा भाग तसाच. व्हायोलिनची पेटी उघडून पाहिली. गजाला ताजी राळ लावलेली, वाजवण्याआधी लावतात तशी. माझ्याकडे राळ नाही. भीती वाटली नाही. खरं तर बरं वाटलं.

बुधवार, ५
गुरुनानक जयंतीची सुट्टी. दुपारभर खोलीत बसलो. मला काही ऐकू आलं नाही. बाहेर आलो तर अन्नपूर्णाबाई रागावल्या होत्या. म्हणाल्या, बाई वाजवता वाजवता रडून राह्यल्या होत्या, अन् तुमी आतच होते न? काऊन नाही गेले जवळ?

गुरुवार, ६
आजही वाजलं, असं त्यांनी न विचारता सांगितलं. म्हणजे चौथा भाग झाला. त्या मिरच्या भाजत होत्या. घरभर खोकला. मला काहीच नाही. मिरची नाकाशी धरली — वास नाही. राळेचाही नाही.
वही उघडली. कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात दोन शब्द —
इथे साथ.

शुक्रवार, ७
कडी लावली. अन्नपूर्णाबाईंना दारातूनच सांगितलं, जवळ येऊ नका. त्या गाडी बोलावते म्हणतात. नको म्हणालो. श्वास आखूड —
आता मला ऐकू येतंय. एक सूर, मग जागा सोडलेली. त्या जागेत माझा श्वास बरोबर बसतो.
भीती वाटते. पण या वेळी दाराशी अडवायला कोणी —
ती वाजवते. थांबते. मी श्वास घेतो. ती वाजवते.
थांबली आहे. मी