गोठ्याचं मागचं छप्पर

टर्की रिज, मिसूरी
१९ एप्रिल १९६६

चि. नेटीस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद, न मागता मिळतात तेवढे सगळे.

तुझा जावई डेल्मर शनिवारी सेंट लुईसहून आला आणि दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे माझ्या गोठ्याचं छप्पर रंगवून गेला. काळ्यावर पांढरी, पुरुषभर उंचीची अक्षरं: ‘घुबडाची गुहा बघा! फक्त अठ्ठावीस मैल!’ रंग मला फुकट, वर गुहेचे सहा पास आणि पीचच्या मुरंब्याची बरणी. सगळं यथासांग झालं.

पण बाई गं, एक गोष्ट तुमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही, आणि माझ्याही, तो शिडी घेऊन निघून जाईपर्यंत. ते छप्पर जुन्या ६६ नंबरच्या रस्त्याकडे तोंड करून आहे. मार्चपासून झाडून सगळ्या गाड्या माझ्या घरामागच्या नव्या हमरस्त्याने जातात. आता तुझी जाहिरात वाचायला उरल्या माझ्या अठरा गाई. त्यांनी गुहा पाहिलेली नाही, तेव्हा पास वाया जाणार नाहीत.

बाकी खबर म्हणजे सापघरवाल्या क्लाइडने गिऱ्हाईक ओढायला आपला सगळ्यात जाडा साप पिंजऱ्यात घालून नव्या रस्त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. तो पळाला. दोन दिवस गावात कुणी अंगणातल्या संडासात गेलं नाही. शेवटी चर्चमधल्या बाजाच्या पेटीमागे सापडला, रविवारी, दुसऱ्या भजनाला. क्लाइड म्हणतो, एवढी गर्दी त्याच्या सापांना महिन्यात जमली नव्हती.

लोभ मी कमी करणार नाही, तू करू नकोस.

तुझा,
एल्डन

घुबडाची गुहा
२ मे १९६६

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार, वाकून नव्हे, कंबर धरली आहे.

तुझं पत्र वाचून पोट धरून हसले आणि मग रडूच आलं. सोळा वर्षांची सवय रे! एप्रिल आला की डेल्मर शिडी काढतो आणि मी रंग मागवते. रस्ता कुठे गेला हे कोण बघतो? मागच्या रविवारी तीन गाड्या आल्या. त्यांतली एक रस्ता विचारायला.

तुझ्यापासून काय लपवायचं? चार जुलैच्या सुट्टीपर्यंत माणसं आली नाहीत, तर मला गुहेच्या दाराला कुलूप घालावं लागेल. चारशे पायऱ्यांवर माझ्या हॅरल्डने, देव त्याला शांती देवो, स्वतःच्या हाताने दिवे बसवले होते, ते विझवायचे आणि सेंट लुईसला लेकीकडे चौथ्या मजल्यावर जाऊन बसायचं. ज्युनी प्रेमाने बोलावते, पण मी तिथे करू काय? कबुतरं मोजू?

म्हणून मागते. गोठ्याचं मागचं छप्पर दे. ते नव्या रस्त्यावरून अर्ध्या मैलावरून दिसतं, डेल्मर बघून आला. तुला काय फरक पडतो? हवं तर मुरंब्याच्या दोन बरण्या.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
नेटी

टर्की रिज
१० मे १९६६

चि. नेटीस,

आशीर्वाद तेच, पण आज हात जड आहे.

मागचं छप्पर देता येणार नाही. हट्ट म्हणून नाही गं. पहिल्यांदा तुझे रंगारी आले तेव्हा तुझी वहिनी हातात डाव घेऊन शिडीखाली उभी राहिली होती. म्हणाली, पुढची बाजू रस्त्याची, मागची माझी. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिकडे आहे, सकाळी सकाळी कॉफी पिताना कुणी डोक्यावरून ‘बघा, बघा’ म्हणून ओरडलेलं मला खपणार नाही. मी तिला शब्द दिला. हेस्टरला जाऊन दोन वर्षं झाली, पण ती गेली म्हणून मी तो कसा मोडू? तूच सांग.

मला दोष दे, पण माया आटू देऊ नकोस.

एल्डन

घुबडाची गुहा
१७ मे १९६६

ती. दादास,

नमस्कार, आणि माफी.

मी मागायलाच नको होतं. वहिनीचा डाव मला चांगला आठवतो. मीही एकदा खाल्लाय, तिच्या चिकनमध्ये मीठ घातलं म्हणून. तिची खिडकी तिलाच राहू दे. मी आता चुकूनही विषय काढणार नाही.

मी ज्युनीला होकार कळवला. ऑगस्टअखेर निघेन. कोपऱ्यावरच्या खाणावळीने गिऱ्हाइकांसाठी छपरावर दोन मजली उंच पत्र्याची कोंबडी बसवली होती, ती कालच्या वाऱ्याने लायब्ररीच्या दारात जाऊन पडली, तेव्हा या रस्त्यावर एकटीच मी पडले असं नाही. फक्त एक वाईट वाटतं. रविवारी तुझ्याकडे जेवायला येऊन भांडायचं सुख चौथ्या मजल्यावरून कसं मिळणार?

होती तेवढीच, तुझी,
नेटी

टर्की रिज
६ जून १९६६

चि. नेटीस,

आशीर्वाद, आणि ओरडू नकोस.

काल डेल्मरला बोलावून मागचं छप्पर रंगवून घेतलं. तुला कळवू नकोस असं मीच त्याला बजावलं होतं. शिडी मी धरली. नव्या रस्त्यावरून ट्रकवाले भोंगे वाजवत गेले, म्हणजे वाचता येतंय. तेव्हा ज्युनीला लिहून टाक की तिने कबुतरं स्वतःच मोजावीत.

हेस्टर रागावेल. रागावू दे, तिच्यापुढे गेलो की डाव खाईन, पूर्वी का कमी खाल्ले? पण तू गेलीस तर या रस्त्यावर माझ्याशी भांडणारं माणूस उरत नाही, आणि ते मला झेपणार नाही. हे मी तुला कधी बोललो नाही. आता बोललो.

एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. खिडकीकडे तोंड करून तिची खुर्ची, खिडकीकडे पाठ करून माझी, असे आम्ही चाळीस वर्षं बसलो. ती गेल्यापासून मी तिच्याच खुर्चीत बसत होतो, समोर ती रिकामी दिसू नये म्हणून. आज सकाळी कॉफी घेऊन बसलो तर ती अक्षरं थेट डोळ्यांवर आली. तिचं बरोबर होतं, सहन होत नाहीत.

मग उठलो आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. तुझी घुबडं आता पाठीमागे आहेत. समोर हेस्टरची खुर्ची आहे. कॉफी संपेपर्यंत बसवलं.

रविवारी वेळेवर ये.

तुझा,
एल्डन