बरोबरी झाली म्हणून मी उठले

बफेलो, नोव्हेंबर १९७४

चिरंजीव लुडविक यास,

थोरल्या बहिणीचा, गेनोवेफाचा आशीर्वाद. अजून घ्यावासा वाटत असेल तर घे. गुडघा कसा आहे? या थंडीत ठणकत असणार, आणि रविवारी तू त्याला जे पळवलंस त्यानंतर तर बोलायलाच नको. इकडे सगळे ठीक. माझा रक्तदाब वर आहे आणि मान खाली. नेहमीप्रमाणे मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. (इरेना, "मान खाली" लिहिलंस ना? मग हसतेस कशाला?)

रविवारी तू गाडीचं दार आपटून, सूप न घेता एरीला निघून गेलास, त्यामुळे माझी बाजू ऐकायची राहिली. ती आता ऐक. यंदा या अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी नियमांची नुसती नासधूस केलीय. इतकी वर्षं गोलचे खांब गोलरेषेवर उभे असायचे, माझ्यापासून लांब, आपल्या पायरीने. यंदा पहिल्याच सामन्याला जाऊन बसते तर खांब दहा यार्ड मागे, म्हणजे थेट माझ्या नाकासमोर! मला वाटलं रंगकाम काढलंय, सामन्याआधी परत नेतील. दारावरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, आजी, लांबूनच खांबांमधून किक मारून फुकटचे गुण घेतात, म्हणून नियमच बदलला. मी म्हटलं, चुकी त्यांची, मग शिक्षा मला का? तर म्हणे, उलट नशीब समजा, आता चेंडू तुमच्या मांडीवर येऊन पडेल. मूर्खासारखी हे मी तुला फोनवर सांगितलं, आणि तू, साठी ओलांडलेला बाप्या, "ताई, एक तरी चेंडू मला!" करत भलेमोठे हातमोजे चढवून हजर. सामनाभर हात पुढे करून बसला होतास. मागचे लोक विचारत होते, यांना काही हवंय का?

चौथं म्हणजे शेवटचं सत्र संपलं, वेळ संपल्याचा पिस्तुलाचा बार झाला, गुण समसमान. आता माझा सगळा जन्म त्या बाकावर गेला. बरोबरी झाली की झाली, टोपी कानावर ओढायची आणि घर गाठायचं. मी उठले आणि तुझा दंड धरला. तू म्हणालास, "अगं ताई, बस खाली! यंदापासून जादा वेळ असतो. आधी गुण करेल तो जिंकला."

"एरीत राहून मला बफेलोचा फुटबॉल शिकवतोस? चल, गाड्यांची गर्दी होईल."

आणि तू आलास. लहानपणापासून माझं ऐकतोस, हीच तुझी खोड.

गर्दी काही झाली नाही. एवढ्या गाड्यांत माणसं म्हणून आपण दोघंच. मग आतून तो गलका उठला. तू फाटकाकडे धावलास, पण फाटकावरचा म्हणाला की बाहेर पडलेला पुन्हा आत नाही. तू जाळीला धरून उभा राहिलास, मोजे हातात तसेच. आणि मी गाडीत बसून सूप गार होईल म्हणून ओरडत राहिले. (हे लिही, इरेना. झालंय ते झालंय.)

पुढचं तुला ठाऊक नाही. काल मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर झिग्मुंट, तोच आपल्या मागच्या ओळीतला ढोल्या, कोटाखालून चेंडू काढून सगळ्यांना दाखवत होता. जिंकून देणारी किक खांबांमधून निघाली ती तुझ्या रिकाम्या जागेवर येऊन पडली. त्याने नुसतं वाकून चेंडू उचलला. "काकू," मला म्हणतो कसा, "तुमचा भाऊ असता ना, तर हातपण हलवावा लागला नसता!" फादरसुद्धा हसले. मी चर्चमधून मागच्या दाराने निघाले असते तर बरं झालं असतं. चेंडूच्या बदल्यात मी त्याला घरची सॉसेजं देऊ केली, खसखशीचा केक देऊ केला. केक खाल्लान, चेंडू दिला नाही.

असो. गुडघा शेकत जा.

तुझी,
ताई

ता. क. – घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना येत्या रविवारी आहे. तुझी जागा मी कुणाला दिलेली नाही. ये. मोजे आण.

ता. क. दुसरा – इरेना लेखणी खाली ठेवून बसलीय, म्हणते खरं सांगा, नाहीतर पाकीट चिकटवत नाही. तर खरं असं, की ईस्टरनंतर तिने मला तो जादा वेळेचा नियम पेपरातून वाचून दाखवला होता. मी कांदा परतत होते, हो हो म्हटलं. पण त्या दिवशी उठून बघते तर अख्खं स्टेडियम बसलेलं आणि मी एकटी उभी. तू तोंड उघडायच्या आधीच मला आठवलं होतं रे. पण एवढ्या लोकांत परत खाली कशी बसू? म्हणून तुला ओढला. दोघं उभे असले की मुद्दाम निघाल्यासारखं दिसतं.

ता. क. तिसरा – पुन्हा बरोबरी झाली तर मी पुन्हा उठेन, या पायांना नवा नियम कळायचा नाही. तेव्हा माझ्या कोटाचा मागचा पट्टा धर आणि ओढून खाली बसव. झिग्मुंट बघत असला तरी.